नळीचा जोड

"बाबा, भार्गवकाका रेडिओवर शेवटचं काय बोलले होते?"

विचारलं एकदाचं! थंडीत पहिला तांब्या अंगावर ओतून घेताना डोळे मिटतात तसे मिटूनच शर्मिष्ठाने विचारलं होतं. उघडले तेव्हा बाबा सिलिंडरसमोर उकिडवे बसलेले होते तसेच होते. डाव्या हातात साबणाच्या फेसाची वाटी, उजव्या हातात दाढीचा जुना ब्रश. ब्रश हवेतच थबकला होता आणि त्याच्या टोकावरून फेसाचा गोळा हळूच रेग्युलेटरवर उतरत होता. ओट्याशी आईचं लाटणंही थांबलं होतं.

आता हे सिलिंडरचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर कोणालाही वाटेल की माणूस वेडा आहे. शर्मिष्ठाचे बाबा, अनिमेष, नवा रायपूरच्या एका कार्यालयात रेकॉर्ड विभागात काम करत. संध्याकाळी बसने घराजवळ, रायपूरच्या तात्यापाऱ्यात उतरायचं, हातपाय धुवायचे, आणि चहाच्या आधी गॅसच्या नळीला फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचं. रोज. सणवार असो, पाहुणे असोत. एकदा वर्गमैत्रीण चित्राने हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या अकरावीला कळलं की शर्मीचे पप्पा सिलिंडरची दाढी करतात. सगळे हसले. शर्मिष्ठा सगळ्यांत मोठ्याने हसली. घरातला नळ गळायला लागला तर हेच बाबा स्वतः हात लावत नसत, प्लंबर बोलवत. त्यांनी पेचकस हातात धरलेला तिने सहा वर्षांत पाहिला नव्हता. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

आणि तो प्रश्न? तो तिचा नव्हताच खरं तर. पैजेचा होता.

झालं असं, की शाळेच्या भूगोल मंडळात ह्या वर्षी रमा मॅडम आल्या. किडकिडीत बाई, पण आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला खेळणारी पोरं सरळ उभी राहायची. वीस वर्षं त्यांनी गुहा आणि भुयारं मोजण्यात घालवली होती. पुढच्या महिन्यात त्या अकरा मुलांना अभनपूरच्या पुढे, एका जुन्या कालव्याच्या कोरड्या बोगद्यात नेणार होत्या. दीडशे पावलांचा बोगदा. पण त्याआधी सहा शनिवार नुसती तालीम.

"बोगद्यात साप मारत नाही रे बाबांनो, हवा मारते," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "वास नाही, धूर नाही, खोकला नाही. डोकं जड होतं, पाय ऐकत नाहीत, आणि माणूस बसतो. बसला की संपला."

मग त्यांनी हवा मोजायचा मीटर दाखवला. एक डबी, तिला लिंबाएवढा रबरी फुगा, आणि फुग्याच्या पुढे लांब नळी. नळीचं टोक आत जायचं, फुगा दाबला की तिथली हवा डबीत यायची आणि आकडा दिसायचा. शंभरात वीस पॉइंट नऊ प्राणवायू म्हणजे तुमच्या-आमच्या अंगणातली हवा. साडेएकोणीसच्या खाली गेला की मागे फिरायचं, विचार बाहेर आल्यावर करायचा. आणि आत पाऊल टाकण्याआधी एक काम चुकवायचं नाही. "नळीच्या टोकावर अंगठा दाबून धरा आणि इकडे फुगा दाबा. चपटाच राहिला तर नळी धड आहे. पुन्हा फुगला तर नळी मधेच कुठून तरी चोरून हवा पिते आहे. मग तो आकडा कोणत्या जागेचा, ते देवालाच ठाऊक."

हातात धरून एकमेकांशी बोलायच्या रेडिओचंही तसंच. सरळ रेषेत तो छान बोलतो, पण वळण आलं की विटा आणि माती आवाज गिळून टाकतात. "वळणापलीकडे गेलेला माणूस गप्प झाला तर सगळं ठीक आहे असं धरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "गप्प म्हणजे आपल्याला माहीत नाही. एवढंच."

मुहान्यावर, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी, मीटर आणि रेडिओ घेऊन कोणी बसायचं, तर मॅडमनी बोट दाखवलं ते शर्मिष्ठाकडे. का? तर तिच्या भाषणामुळे.

नववीपर्यंत शेवटच्या बाकावर बसणारी, हजेरीलाही पुटपुटणारी ही पोट्टी ऑगस्टमध्ये सुरक्षेच्या भाषण-स्पर्धेत रायपूरच्या सोळा शाळांमधून पहिली आली होती! हिंदीत बोलली होती, चार मिनिटं, हातात कागद नाही. भार्गवकाकांची गोष्ट सांगितली होती. बाबांचा धाकटा भाऊ. बाबा आणि काका दोघं मिळून बंद कारखान्यांच्या पोटातली भुयारं मोजायचं काम करायचे. सहा वर्षांपूर्वी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद रोलिंग मिलमध्ये काका भट्टीच्या धुराड्याच्या भुयारात शिरले ते जिवंत बाहेर आले नाहीत. भाषणात शर्मिष्ठाने हात वर करून सांगितलं होतं, "मेरे पापा बाहर से बुलाते रहे। और चाचा ने क्या कहा? चाचा ने कहा, मैं सब जानता हूँ।" इथे ती थांबली होती. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिला स्वतःचे कान गरम झालेले जाणवले. त्या दिवसापासून तिची चालच बदलली. वेणी मागे टाकून, मान ताठ करून चालायला लागली.

बाबा त्या कार्यक्रमाला आले नव्हते. कार्यालयात तपासणी आहे म्हणाले. अभनपूरला राहणाऱ्या काकांच्या बायकोला, इंदूकाकूला, आईने व्हिडिओ पाठवला, तर काकूचे फक्त दोन जोडलेले हात आले. शब्द एकही नाही.

तर मॅडमनी निवड केली आणि पालकांच्या सहीचा कागद दिला. बाबांनी तो वाचला, चौपट घडी केली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवून दिला. हो नाही, नाही नाही. आठवडा झाला तरी कागद बरणीखालीच.

"वा रे वा," मधल्या सुट्टीत मंडळातला यशदीप म्हणाला. यशदीपला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "मुहाने पे बैठ के हम सबको ऑर्डर देगी, और घर में एक साइन नहीं ले सकती?"

"घेईन ना. तुले काय करायचं?"

"पापा से डरती है."

"मी? मी कोणाले नाही भीत!"

"तो एक सवाल पूछ के दिखा." यशदीपने समोशाचा तुकडा तोंडात टाकला. "भाषण में बोली थी ना, चाचा ने कहा मैं सब जानता हूँ। सच में यही बोले थे? आखिरी बात? जा, पापा से पूछ के आ."

"यश, चूप बैठ ना," चित्रा म्हणाली. "तो विषय नको."

पण शर्मिष्ठाला तो सोडता येईना. कारण ते वाक्य तिनेच बनवलं होतं. दरवर्षी पितृपक्षात काकांच्या तिथीला सगळे अभनपूरला जमायचे, आणि जेवताना काकूचे मोठे भाऊ, गंगाधरमामा, न चुकता म्हणायचे, "भार्गव ऐकणारा नव्हताच. म्हणे मीच शहाणा." तेवढ्यावरून तिने काकांच्या तोंडी वाक्य घातलं होतं. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

"विचारीन," ती म्हणाली. "आजच. पैज?"

"पैज."

आणि म्हणून हा प्रश्न, ही फेसाची वाटी, आणि हा थांबलेला ब्रश.

बाबांनी वाटी हळूच फरशीवर ठेवली. "कोणी विचारायले सांगितलं?"

खोटं बोलावं असं तिला वाटलं, पण जीभ वळली नाही. "यशदीपने. पैज लागली होती."

आता ओरडतील. ती तयारच होती. आईही तयार होती, "शमे, अभ्यासाले बस जाऊन," असं म्हणून मधे पडलीच. पण बाबा म्हणाले, "बसू दे तिले. तूही बस, पूर्णिमा. गॅस बंद कर."

आईने वरणाखालचा गॅस बंद केला आणि पिठाचे हात तसेच घेऊन पाटावर बसली.

"सहा वर्षं झाली," बाबा म्हणाले. "पोलिसांनी विचारलं, मीटर किती दाखवत होता. कारखान्याच्या चौकशीत विचारलं, किती वाजता आत गेला. इंदूनं विचारलं, त्याले त्रास झाला काय. त्यानं काय म्हटलं, अन् मी काय म्हटलं, हे कोणी विचारलंच नाही. तुझ्या त्या पोट्ट्यानं विचारलं."

मग ते सांगायला लागले. रेकॉर्डमधली फाईल वाचून दाखवावी तसं, खालच्या आवाजात, क्रमाने.

भुयार विटांचं. छातीएवढं उंच, वाकून चालावं लागे. तीस पावलांवर वळण, वळणानंतर चिमणीपर्यंत सरळ. मिल बंद होऊन वर्षं झालेली, आत लोखंडाच्या पापुद्र्यांचा खच आणि घोटाभर पाणी. "लोखंड गंजते तेव्हा हवेतला प्राणवायू खाते," बाबा म्हणाले. "बंद जागेत गंजत बसलं की सगळा खाऊन टाकते. हे मले माहीत होतं. भार्गवलेही माहीत होतं. म्हणून तर मीटर." काकांच्या पट्ट्याला नळीचं टोक बांधलेलं. बाहेर बाबा फुगा दाबून आकडा बघणार आणि रेडिओवर सांगणार. वळणापुढे रेडिओ चालत नाही हे आदल्या दिवशीच कळलेलं. म्हणून ठरलं होतं, की वळणावर थांबायचं, बोलायचं, आणि मग पुढे जायचं.

"वळणावर थांबला तो. म्हणाला, 'दादा, डोकं जड वाटून राहिलं. येऊ काय वापस?'"

आईच्या तोंडून काहीतरी अर्धवट निघालं.

"मी फुगा दाबला. वीस पॉइंट नऊ. पुन्हा दाबला. वीस पॉइंट नऊ. मी म्हटलं, 'मीटर तर ठीक म्हणते. सकाळपासून उपाशी आहेस, म्हणून असंन. शेवटचं माप घे अन् ये.'" बाबांनी तळहाताने तोंड पुसलं. "त्यानं म्हटलं, 'हव, दादा.'"

"अन् मग?" शर्मिष्ठाने विचारलं.

"मग काही नाही. हव, दादा. हेच शेवटचं."

पंखा कर्र कर्र करत फिरत होता. शर्मिष्ठाला काकांचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. सगळ्यांना 'हव', म्हणजे हो, असंच म्हणायचे काका. आजीने देवळात सोड म्हटलं, हव. काकूने दळण आणा म्हटलं, हव. ती नऊ वर्षांची असताना काकांनी तिला एक रेडिओ देऊन गच्चीवर उभं केलं होतं आणि स्वतः दुसरा घेऊन गल्लीच्या टोकाला गेले होते. "काका, उजवा हात वर करा!" हव. "काका, एका पायावर नाचा!" हव. आणि भर रस्त्यात, रिक्षावाले बघत असताना, तो मिशीवाला माणूस एका पायावर नाचला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी 'काका ऐकणारे नव्हते' हे तिने मानलं कसं?

"वळणापुढे तो गप्प होणार हे ठरलेलंच होतं," बाबा बोलत होते. "म्हणून मी घड्याळ बघत बसलो. दहा मिनिटं. मधे फुगा दाबत होतो, आकडा लिहीत होतो. वीस पॉइंट नऊ, वीस पॉइंट नऊ. माझं अक्षर चांगलं आहे ना, सुवाच्य लिहिलं सगळं. दहा मिनिटांनी हाक मारली. मग मी आत धावलो, तर हरिदास चौकीदारानं कंबरेले मिठी मारली. 'साहब, एक गया है, दो नहीं जाएँगे.' आग विझवणारे आले, ते पाठीवर सिलिंडर लावून आत गेले. वळणाच्या पुढे सहा पावलांवर बसलेला होता. मापाची टेप हातात होती."

"पण मीटर तर ठीक होता," आई म्हणाली. "तेव्हाही सगळे म्हणत होते की मीटर ठीक होता. म्हणूनच तर..."

"मीटर ठीकच होता."

बाबा उठले. स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि मागून, पितळी भांड्यांच्याही मागून, एक खाकी थैली काढली. सहा वर्षांची धूळ. थैलीतून मीटर निघाला, फुगा निघाला आणि वेटोळं घातलेली नळी.

शर्मिष्ठाला काही सांगावं लागलं नाही. तिचे हात आपोआप पुढे झाले. तिने फुगा मुठीत घेतला. बाबा नळी उलगडत बैठकीतून पुढे गेले, पार बाहेरच्या ओसरीपर्यंत. तिथे ते वळले आणि दिसेनासे झाले. नळी मात्र फरशीवरून, दिवाणाखालून, उंबऱ्यावरून गेलेली दिसत होती.

"अंगठा लावला," ओसरीवरून आवाज आला.

तिने फुगा दाबला. चपटा झाला. राहा, ती मनात म्हणाली. असाच राहा. मुठीतल्या फुग्याला एक सुरकुती पडली होती. ती सुरकुती हलली. मग हळू, झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तसा, फुगा भरत गेला. पूर्ण भरला. गोल झाला.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा भरला.

आई वाकून नळी न्याहाळत चालली होती. दिवाणाजवळ ती थांबली. तिथे दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा, दोन्हीकडे तारेने आवळलेला. रबराला तारेच्या कडेने भेगा पडल्या होत्या, बोटाने दाबलं की तोंड उघडायच्या.

"हा जोड?"

"माझा." बाबा दारात येऊन उभे होते. "कंपनीची नळी अर्धीच पुरत होती. नवी मागवायची तर पंधरा दिवस लागले असते. मी म्हटलं, थांब, मी करतो. भार्गव म्हणाला, 'दादाच्या हातचा जोड म्हणजे जन्माचा.' चार महिने स्कूटरच्या मागे उन्हात नळी बांधलेली असे. अंगठा लावून बघायचं असते हे मले माहीत होतं. पहिले पहिले लावायचो. मग आपलाच जोड, काय बघायचं रोज, असं झालं." त्यांनी जोडाकडे बोट दाखवलं. "हा जोड त्या दिवशी भुयाराच्या तोंडाशी, माझ्या पायाजवळ होता. मी फुगा दाबत होतो अन् माझीच हवा मोजत होतो. भार्गवची नाही."

"हे कधी समजलं तुम्हाले?" आईचा आवाज ओळखू येत नव्हता.

"त्याच संध्याकाळी. नळी गुंडाळताना. मीटर त्यांनी तपासायले नेला, तो ठीक निघाला, महिन्याभरानं परत दिला. नळी कोणी मागितली नाही. मी थैलीत टाकली."

"दरवर्षी गंगाधरभाऊ म्हणतात, भार्गव ऐकणारा नव्हता. समोर इंदू वाढत असते. अन् तुम्ही खाली मान घालून भात कालवता."

"हो."

"काहून? काहून नाही सांगितलं? मलेही नाही?"

"पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं म्हणतील. असं करत करत तेरावा झाला. मग वर्ष." बाबा उंबऱ्यावरच बसले. "तो शेवटपर्यंत माझं ऐकत होता, पूर्णिमा. न ऐकता तर आज असता."

आई रडली नाही. तिने पिठाचे हात धुतले, राहिलेल्या पोळ्या लाटल्या आणि तीन ताटं वाढली. कोणीच जेवलं नाही. शर्मिष्ठाच्या मोबाइलवर यशदीपचे संदेश येऊन पडत होते. पूछा? पूछा क्या? डर गई ना? ती पडद्याकडे बघत राहिली. पैज ती जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. बाकं उभी-आडवी रचून, वर सतरंज्या टाकून मॅडमनी बोगदा केला होता, मधे वळणसुद्धा. शर्मिष्ठा तोंडाशी बसली. अंगठ्याची परीक्षा घेतली. फुगा चपटा झाला आणि चपटाच राहिला. ती बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली.

"शर्मिष्ठा," मॅडम म्हणाल्या, "पुरे झालं."

यशदीप सतरंज्यांखालून रांगत वळणापर्यंत गेला. रेडिओ खरखरला. "मुहाना, मुहाना! सब ठीक है. आगे जाऊँ क्या?"

आकडा वीस पॉइंट नऊ होता. असणारच. शाळेचा व्हरांडा होता, बाजूला जास्वंद फुलली होती. 'जा' एवढंच म्हणायचं होतं. तिने बटणावर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा फुगा दाबला.

"हॅलो? आगे जाऊँ?"

"वापस ये," ती म्हणाली.

"अरे, पर अभी तो..."

"यश, वापस ये म्हटलं ना!"

तो केसांना धूळ लागलेला, वैतागलेला बाहेर आला. पोरं हसायला लागली. मॅडमनी हात वर केला तशी गप्प झाली. "कारण?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम. आकडा ठीक होता."

मॅडमनी मीटरवरचा आकडा पाहिला. "मुहान्यावर बसलेल्याला वापस बोलवायला कारण लागत नाही," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "पुढे पाठवायला लागतं. पुढचा!"

सुटल्यावर पाण्याच्या टाकीजवळ यशदीप आणि चित्राने तिला गाठलं. "तो? पूछा?"

"विचारलं."

"क्या बोले थे चाचा? वही ना, मैं सब जानता हूँ?"

"नाही." तिला तिचं भाषण आठवलं, वर केलेला हात आठवला. ते सभागृह आता समोर असतं तर ती धावत जाऊन एकेकाच्या कानावर हात ठेवून आली असती. "ते वाक्य माझं होतं. मी बनवलेलं."

"मतलब? झूठ था?"

"हो. खोटं होतं."

यशदीप काहीतरी बोलणार होता, चित्राने त्याचा शर्ट ओढला. मग चित्राने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं आणि तिघं फाटकापर्यंत चालत गेले.

घरी आली तेव्हा आई देवासमोरच्या समया घासत होती. उद्या रविवार, काकांची तिथी. बाबा कार्यालयातून लवकर आले होते, शनिवार अर्धाच दिवस. संध्याकाळ झाली, सात वाजले. फेसाची वाटी ओट्याखाली कोरडीच पडून होती. बाबा सिलिंडरकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"उद्या मी येत नाही अभनपूरला," बाबा म्हणाले, कोणाकडे न बघता. "कळव त्यांना. अंगात कणकण आहे म्हणावं."

आई समई घासतच राहिली.

शर्मिष्ठाने मिठाची बरणी उचलली. खालचा चौपट कागद काढला, उलगडला, हाताने सपाट केला आणि पुन्हा घडी करून बरणीखाली ठेवला. मग ओट्याखालची वाटी घेतली. साबण घातला, पाणी घातलं, दाढीच्या ब्रशने फेस केला. सिलिंडरसमोर उकिडवी बसली आणि रेग्युलेटरला, नळीला, नळीच्या त्या टोकाला सावकाश फेस लावला. तिघंही बघत होते. एकही बुडबुडा आला नाही.

तिने ब्रश खाली ठेवला आणि उभी राहिली. आवाज भाषणासारखा चढवावा असं तिला वाटलं नाही.

"आई, बाबा, मी ठरवलं आहे. उद्या सातच्या बसनं मी अभनपूरला जाणार आहे. तुम्ही आलात तर तिघं, नाही आलात तर एकटी. गंगाधरमामा जेवताना ते म्हणतील ना, तेव्हा मी उठून उभी राहीन अन् इंदूकाकूले सांगीन, की माझ्या भाषणातलं वाक्य खोटं होतं, मी बनवलं होतं. काकांनी वापस येऊ काय म्हणून विचारलं होतं, अन् काका ऐकत होते. शेवटपर्यंत ऐकत होते. कोणाचं, ते मी नाही सांगणार, बाबा. ते तुमचं आहे. पण त्या घरात यापुढं काकांना कोणी न ऐकणारा म्हटलं, तर मी ताटावर बसणार नाही."